मंगळवारी उंटांना सुट्टी

माझ्या कपाटात एक शंभर पानी वही आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'थापा' असं लिहिलेलं आहे. आत चार रकाने: अनुक्रमांक, देश, थाप, आणि शेवटचा 'परत कुठे ऐकली'. हा चौथा रकाना सरांनी पाडायला लावला होता. कुठल्याही कामाची यादी मी काम संपलं की फाडून टाकते. ही वही मात्र ठेवली आहे.

सर म्हणजे आमचे भूगोलाचे सर. धुळ्यात देवपूरच्या शाळेत त्यांनी मला नकाशा रंगवायला शिकवलं. समुद्राचा निळा रंग किनाऱ्याच्या आत आला की ते पाठीमागे उभे राहून शांतपणे म्हणत, "बुडाला बघ एक देश." निवृत्त झाल्यावर त्यांनी एका लहानशा केबल चॅनेलसाठी 'जग पाहून आलो' नावाची मालिका केली. दर रविवारी सकाळी दहा वाजता, वीस मिनिटं, दर वेळी नवा देश. सर त्यातल्या एकाही देशात गेले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. कुणी विचारलं तर म्हणत, "भूगोल शिकवायला जगभर फिरावं लागत असेल, तर इतिहासाच्या मास्तरानं काय करायचं?"

मालिका आम्ही तिघं मिळून करायचो. सर, मी आणि जळगावचे नाना. नाना लग्नांचं शूटिंग करत. त्यांच्या कॉम्प्युटरला लग्नाचीच सवय होती, त्यामुळे मॉस्कोवरून कैरोला जाताना पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत. सरांना ते फार आवडे. मी तेव्हाही जळगावातच एका शाळेच्या ऑफिसात हेड क्लार्क होते. माझ्याकडे याद्या होत्या. जागा, परवानगी, सामान, डबा, परतीची एस.टी. 'आइसलँड: बर्फाचा कारखाना, मालकांशी बोलणं झालं आहे, स्वेटर दोन, सरांचा काढा.' अशी एक यादी मला अजून तोंडपाठ आहे, कारण तो काढा मी विसरले आणि आइसलँडचा पुढचा अर्धा भाग शिंकांमध्ये गेला. सरांनी तो तसाच ठेवला. म्हणाले, "तिथले लोक असेच बोलतात असं वाटेल."

ॲमेझॉनचं जंगल यावलच्या केळीच्या बागेत होतं. सर पानं बाजूला सारत पुढे येत आणि दबक्या आवाजात सांगत की या भागात अजून माणसाचं पाऊल पडलेलं नाही. मागे ठिबकची नळी दिसत असे. हॉलंड साक्रीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या खाली. ट्यूलिपच्या जागी झेंडू. इटलीचा ज्वालामुखी ही एक वीटभट्टी होती, आणि व्हेनिससाठी आम्ही पांझरा नदीला पाणी सुटायची तीन आठवडे वाट पाहिली. पाणी आलं तेव्हा सर पुलाच्या कठड्याशी उभे राहून म्हणाले, "व्हेनिसमध्ये आज पाणी आहे. इथल्या लोकांनाही याचं आश्चर्य वाटतं आहे."

यातलं काहीही सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. खाकी हॅट, गळ्यात दुर्बीण, खांद्याला शबनम. सुरुवात ठरलेली: "नमस्कार. मी सध्या अमुक ठिकाणी आहे, आणि इथे आत्ता इतके वाजले आहेत." मग मनगट कॅमेऱ्यासमोर धरायचे. ती वेळ खरी असे. शूटिंगच्या दिवशी ते सकाळीच घड्याळ त्या देशाच्या वेळेवर लावत आणि दिवसभर तसेच वागत. पेरूच्या वेळी आम्ही दुपारी एक वाजता डबे उघडले, तर सर म्हणाले, "तुम्ही जेवा. माझ्याकडे अजून रात्रीचे अडीच वाजले आहेत." आणि खरंच जेवले नाहीत. नानांनी त्यांच्या वाटची शेवभाजी संपवली.

त्यांचे नियम कडक होते. अक्षांश, रेखांश, राजधानी, वेळ यांत चूक चालणार नाही. आणि प्रत्येक भागात थाप एकच. "दोन मारल्या तर लोक सावध होतात," असं ते म्हणत. तीच थाप पुन्हा मारली जाऊ नये म्हणून मी वही केली. क्रमांक सहा, हॉलंड: 'घरी पाहुणा आला की त्या गावची एक पवनचक्की बंद ठेवतात, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.'

ही सहा नंबरची थाप परत आली, आणि चौथा रकाना तिच्यामुळे सुरू झाला. आमच्याकडचे एक पुढारी शेतीच्या अभ्यासदौऱ्यासाठी हॉलंडला जाऊन आले. मंगल कार्यालयात त्यांचा सत्कार होता. शूटिंगचं काम नानांकडे होतं, म्हणून सर आणि मीही गेलो. गावोगावचे फलक लागले होते, त्यांवर साहेब विमानाच्या पंखाएवढे आणि विमान साहेबांच्या खिशाएवढं. साहेब बोलायला उठले. हॉलंड हा फार स्वच्छ देश आहे, म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "तिथे पाहुणा आला ना, की पवनचक्की बंद करतात. का? बोलणं ऐकू यावं. हे मी स्वतः पाहिलं आहे. याला म्हणतात संस्कृती."

सगळ्यांत जोरात टाळ्या सरांनी वाजवल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "वहीत एक रकाना वाढव. आपली थाप ज्याच्या तोंडून परत येईल, तो तिथे गेलेला नाही असं समजायचं. गेला असेलच, तर हॉटेलाबाहेर पडलेला नाही."

पुढे चौथ्या रकान्यात बरीच भर पडली. सहलीहून आलेलं एक जोडपं, एक व्याख्याते, दिवाळी अंकातला एक प्रवासलेख. आम्ही फार हसायचो. आमचे प्रेक्षक दोन प्रकारचे आहेत, असं आम्ही धरून चाललो होतो. एक हसणारे, आणि दुसरे फोन करून चुका दाखवणारे. तिसराही प्रकार असू शकतो हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

तो तिसरा प्रकार एका शनिवारी नानांच्या दुकानात आला. साठीच्या पुढची बाई, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. यावलच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. दोन एस.टी. बदलून आली होती. सरांकडे पाहून म्हणाली, "हेच का ते टीव्हीवाले मास्तर? टोपी नाही घातली तं ओळखूच नाही आले."

सरांनी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"माहा पोरगा दुबईले आहे. गोपाळ. वर्स झालं. तुमी बी गेल्ते ना दुबईले, मी पाह्यलं. पुढल्या खेपेले जाल तं एवढं त्याले द्या. बिबडे आहेत. कळण्याचं पीठ आहे, भाकरीले. तिकडे भेटत नसंन."

आमची दुबई भुसावळच्या अलीकडे, तापीच्या वाळूत होती. उंट राजस्थानातून आलेल्या मेंढपाळांचे. मी सरांकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला.

"अक्का, तो विनोदी कार्यक्रम आहे."

"हो ना," अक्का म्हणाल्या. "लय हसू येते. तुमची टोपी पाहून तं जास्तच."

"तसं नाही. म्हणजे आम्ही ते..." इथे सर अडकले. अक्कांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे ते पापड, मोडणार नाहीत अशी बाजू वर केली.

"त्याचा फोन येते. शेजारनीच्या मोबाईलवर, दर मंगळवारी. म्या इचारलं, मंगळवारीच कसा रे? तं म्हने, माय, अठी मंगळवारी उंटाले सुट्टी ऱ्हाते, म्हून आमाले बी सुट्टी."

मी वही उघडली नाही. गरज नव्हती. क्रमांक चौदा, संयुक्त अरब अमिराती: 'दुबईत मंगळवारी उंटांना सुट्टी असते.' तापीच्या वाळूत, उंट उठायला तयार नव्हता म्हणून सरांनी उभ्या उभ्या रचलेली. जगात दुसरीकडे कुठेही नसलेली.

सरांनी पिशवी जवळ ओढली आणि म्हणाले, "पोचवतो, अक्का."

मी अक्कांकडून गोपाळचा मोबाईल नंबर घेतला. साधा दहा आकडी, आपल्याकडचाच. अक्का म्हणाल्या, "कंपनीनं देला म्हने." त्यांना साडेतीनच्या गाडीत बसवून मी परत आले, तर सर अजून तिथेच. नानांनी गंमत करायचा प्रयत्न केला, "सर, चौथा रकाना." सर म्हणाले, "गप बसा."

सरांना या गोष्टीवर विचार करायचा होता. मला पत्ता हवा होता. मी नंबर लावला आणि म्हटलं, "गोपाळभाऊ का? तुमचं पार्सल आहे, पत्ता सांगा." यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यानं पत्ता सांगितला. जळगावची औद्योगिक वसाहत, चटईचा कारखाना, मागचं गेट. नानांच्या दुकानापासून रिक्षानं पंधरा मिनिटं.

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारीच होती, हे तिथे गेल्यावर कळलं. पोरगा मागच्या खोल्यांपैकी एकीत राहत होता. अठ्ठावीस-तीसचा, दाढी वाढलेली, शर्टावर प्लॅस्टिकचे रंगीत धागे. सरांनी आज हॅट घातली होती. का, ते मी विचारलं नाही. गोपाळनं दार उघडलं, हॅट पाहिली, पिशवी पाहिली, आणि पिशवीवरचं आईच्या हातचं ठिगळ पाहिलं. तो आत वळला.

"पार्सल घे आधी," सर म्हणाले. "सही नको."

चहाच्या टपरीवर तो हळूहळू बोलला. एजंटानं मुंबईपर्यंत नेलं, एका लॉजवर नऊ जणांना ठेवलं आणि एक दिवस तो आलाच नाही. व्हिसा खोटे निघाले. गोपाळ परत फिरला. भुसावळला उतरला, गावाच्या एस.टी.त बसला.

"मंग?" सरांनी विचारलं.

"फाट्यावर माहा बॅनर होता." तो कपाकडे बघत होता. "जायच्या टाइमाले मित्रांनी लावला होता. दुबई प्रस्थानाबद्दल हार्दिक अभिनंदन. मी गॉगल लावेल. वर बठ्ठ्या पुढाऱ्यांचे फोटो, खाली मित्रांचे, मागे ती उंच बिल्डिंग. कंडक्टरनं घंटी मारली. मी उतरलोच नाही. पुढल्या गावापर्यंत गेलो, तठून परत फिरलो."

"किती दिवस लपणार होतास?"

"बॅनर फाटेपर्यंत थांबू म्हटलं. पावसात फाटंन, वाऱ्यानं फाटंन. एक डाव दोस्ताले फोन केला, गावात काय नवीन म्हनून. तो म्हने, तुहा बॅनर अजून हाये, टकाटक. लय चांगल्या कापडाचा निघाला."

नाना हसले आणि लगेच थांबले.

गोपाळ सरांना म्हणाला, "तुमचं बरं आहे, सर. तुमी गेले नाही तरी लोक हसतात, अन् तुमाले तेच पाहिजे. मी गेलो नाही कळलं, तं मले हसतीन."

सर चिडले की अहिराणीवर येत. "कसाले लपस भो?" ते म्हणाले. "तुनी माय वाट देखी राहिनी." मग पुन्हा शाळेतल्या भाषेत: "आधी माझ्यावर हसून घेऊ देत. तुझं नाव कुठे येणार नाही. त्यानंतर तू तुझं बघ."

त्या रविवारचा भाग यावलच्या स्टँडवर घेतला. हॅट नाही, दुर्बीण नाही. सर बाकावर बसले होते, मागे केळीच्या घडांचा टेम्पो. "नमस्कार. मी सध्या यावलला आहे, आणि इथे आत्ता दहा वाजले आहेत. तुमच्याकडेही तितकेच वाजले असतील. मी या आधी कुठेही गेलो नव्हतो. ज्यांना हे माहीत होतं, त्यांनी चहा करायला उठायला हरकत नाही. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांची मी माफी मागतो." मग त्यांनी माझी वही उघडली आणि थापा वाचायला सुरुवात केली. क्रमांक, देश, थाप. जिथे परत आली होती तिथे तेही. नावं न घेता, पण सहाव्या क्रमांकाला नावाची गरज नव्हती.

हे मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. "सर, सहा नंबर वाचलात तर मालिका बंद होईल. तेवढी गाळा."

"थाप कबूल करताना निवड करायची नसते," ते म्हणाले होते.

आणि आता वाचताना त्यांनी तेरानंतर सरळ पंधरा घेतली. नानांनी कॅमेरा बंद केल्यावर मी म्हटलं, "एक राहिली."

"राहिली नाही. ती आता माझी नाही. त्यानं वापरली, त्यानंच परत करायची."

भाग रविवारी दाखवला गेला. गावोगाव पवनचक्कीवर हसू सुरू झालं. साहेब कुठे भाषणाला उभे राहिले की मागून कुणीतरी ओरडे, "अरे पंखा बंद करा, पाहुना बोलतोय." चॅनेलच्या मालकांनी सरांना फोन करून सांगितलं, "सर, थोडे दिवस विश्रांती घ्या." ती विश्रांती अजून चालू आहे. सरांनी मला एवढंच विचारलं की परवानग्यांचे अर्ज कुणाकुणाला मागे घेतल्याचं कळवायचं राहिलं आहे. ग्रीनलँडसाठीचा दूधडेअरीचा अर्ज तेवढा बाकी होता. मी तो मागे घेतला.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी गोपाळनं फोन केला. "येता का?" एवढंच. मी शाळेत अर्धी रजा टाकली. सर पहाटेच्या गाडीनं धुळ्याहून आले. सर, गोपाळ आणि मी यावलकडच्या एस.टी.त बसलो. मध्येच माझं लक्ष सरांच्या मनगटाकडे गेलं. घड्याळ दीड तास मागे होतं. दुबईची वेळ.

"आज कशाला?" मी विचारलं.

"पोरगा अजून तिथेच आहे," ते म्हणाले. "उतरला की लावेन."

गाव जवळ आलं तसा गोपाळ खिडकीकडे पाठ करून बसला. फाटा आला. कंडक्टरनं घंटी मारली. मी बाहेर पाहिलं. दोन बांबू उभे होते. मधे काही नव्हतं.

"गोपाळभाऊ," मी म्हटलं, "बॅनर नाही."

त्यानं वळून पाहिलं. गाडी सुटायच्या बेतात होती, तेव्हा तो उतरला. त्याच्यामागे आम्ही.

बॅनर अक्कांच्या अंगणात होता. दोन खाटा जोडून त्यावर पसरलेला, छपाईची बाजू वर. त्यावर बिबडे वाळत होते. पुढाऱ्यांच्या रांगेवर एक ओळ, उंच इमारतीवर तीन, अभिनंदनावर पाच-सहा. गोपाळ अंगणाच्या तोंडाशी थांबला. अक्का परात घेऊन बाहेर आल्या, त्याला पाहिलं, परात खाली ठेवली.

"मंगळवार हाये," अक्का म्हणाल्या. "उंटाले सुट्टी असंन."

"माय, मी दुबईले गेलोच नव्हतो."

"ठाव हाये. फोनात तुह्या मागे मेथीवाला वरडे. दुबईत काय मेथी इकतात?" त्यांनी त्याच्या दाढीला हात लावला आणि काढून घेतला. "बॅनर म्या दिवाळीनंतरच काढून आनला. तू त्या दिवशी गाडीतून उतरला नाही, पुढून जळगावची गाडी धरली, कंडक्टरनं सांगितलं व्हतं मले. म्हनलं, हे नसंन तं उतरशील."

गोपाळ खाटेच्या कडेला बसला. दोस्तानं 'टकाटक हाये' म्हणून सांगितलेला बॅनर तेव्हाही बहुधा इथेच होता, बिबड्यांखाली.

मग अक्का सरांकडे वळल्या. सर काहीतरी बोलायच्या तयारीत होते, बहुधा माफीचंच. अक्कांनी त्यांना बोलू दिलं नाही.

"मास्तर, तुमी कुठी कुठी जाऊन येता. म्हनलं, जळगावले बी जातीन."

सरांनी मनगट पुढे धरलं, घड्याळाची चावी ओढली आणि काटा दीड तास पुढे आणला. मी पाहिलं, त्यांची नजर चुकत होती आणि काटा दोनदा मागे-पुढे झाला. सर आता मुलीकडे पुण्याला असतात. अजूनही फोनवर पहिला प्रश्न "तुमच्याकडे किती वाजले?" हाच असतो. पण त्या दिवसानंतर त्यांचं घड्याळ मी आपल्या वेळेपासून हललेलं पाहिलं नाही.

"उभे काय राह्यले?" अक्का म्हणाल्या. "एक बाजू धरा. ऊन सरकलं, खाट सरकवा."

सरांनी एक बाजू धरली, गोपाळनं दुसरी. खाट उन्हात नेली. कडेचे बिबडे वाळले होते. गॉगलवरचा तेवढा अजून ओला होता.